खटका पडला तरी काम चालू

राजेश्वरीला सगळं खपायचं. सोयाबीनची काडं अंगाला टोचलेली खपायची, सासूबाईंनी दिवसातनं दहादा "गॅस बंद केलास का गं?" विचारलेलं खपायचं, लोहाऱ्याच्या जीपमध्ये बारा माणसांत तेरावी होऊन बसणंही खपायचं. पण "तुला हे जमायचं नाही" असं कुणी म्हटलं की संपलं. मग ते काम जमवून दाखवल्याशिवाय त्या बाईला भाकरी गोड लागायची नाही. आणि ह्या खेपेला हे वाक्य तिला खुद्द तिच्या साहेबानं ऐकवलं होतं, तेही फोनवर, तेही तिचं पुरतं ऐकून न घेता.

साहेब म्हणजे श्रीशैल. मूळचा उमरग्याचा, बाजारातल्या भुसार व्यापाऱ्याचा पोरगा. शिकायला म्हणून हैदराबादला गेला तो तिथलाच झाला. तिथं त्याची छोटी कंपनी होती, लहानमोठ्या दवाखान्यांचे कॉम्प्युटर सांभाळणारी. पेशंटची नावं, तपासण्या, औषधं सगळं ज्या मोठ्या मशीनांमध्ये राहतं ती मशीनं हैदराबादेत, आणि त्यांची देखभाल करणारी राजेश्वरी सास्तुरात, सासरच्या घरातल्या पुढच्या खोलीत. सहा वर्षं हे असं सुरळीत चाललं होतं. लॅपटॉपवर एक प्रोग्रॅम उघडायचा, त्यात एक काळी खिडकी येते, नाव आणि पासवर्ड टाकला की माणूस इथं आणि हात हैदराबादेत. जे टाइप कराल ते तिकडं घडतं.

शेजारची कमलबाई एकदा हे काम मुद्दाम बघायला आली आणि नाक मुरडून गेली.

"चित्र न्हाय, गाणं न्हाय. नुसती काळी पाटी आन् तिच्यावर मुंग्या. ह्याचा पगार देत्यात व्हय गं तुला?"

"देत्यात की," राजेश्वरी म्हणाली. "मुंग्या मोजायचा."

आता खरं दुखणं कुठं होतं ते सांगतो. दुखणं दाराजवळ होतं, माणसाच्या खांद्याइतक्या उंचीवर, भिंतीत. एक खटका.

हिंमतराव म्हणजे राजेश्वरीचे सासरे. ती त्यांना मामा म्हणायची. त्र्याण्णवच्या भूकंपात त्यांचं जुनं दगडमातीचं घर पडलं आणि पाठचा भाऊ त्यात गेला. पुढं नवं गाव वसलं, नवी घरं झाली, तेव्हा मामांनी वायरमन बिरूला एकच गोष्ट निक्षून सांगितली. घरातली यच्चयावत वीज ह्या एका खटक्याखाली पाहिजे. पुढं इन्व्हर्टर घेतला, तर त्याची वायरसुद्धा फिरवून ह्याच खटक्याखाली आणायला लावली. कारण त्या भागात जमीन अजून मधनंमधनं गुरगुरते. नुसता आवाज येतो, बहुतेक वेळा फळीवरचं भांडंही हलत नाही. पण आवाज आला की मामा उठणार, खटका खाली ओढणार, घरातला शेवटचा दिवा विझलेला डोळ्यांनी बघणार, आणि मगच बाहेर. घरातल्या सगळ्यांनी बाहेर, आणि रिकाम्या हातानं. कुणी चार्जर घेतो म्हटलं, चप्पल घालतो म्हटलं, की मामांचा आवाज असा चढायचा की चप्पल जागच्या जागी राहायची.

खटका पडला की राउटर बंद. राउटर बंद की हैदराबादची लाइन तुटली.

लाइन तुटणं राजेश्वरीला नवीन नव्हतं. सुरुवातीला तर ती नुसता विचार करत बसली तरी तुटायची. दोन्हीकडनं बराच वेळ काही बोलणं झालं नाही की मधलं कुठलं तरी यंत्र समजायचं, ह्यांचं संपलं वाटतं, आणि दार लावून घ्यायचं. मग तिनं त्या प्रोग्रॅमच्या सेटिंगमध्ये शिरून कनेक्शनचं पान शोधलं. तिथं एका चौकोनात शून्य होतं. शून्य म्हणजे गप्प बसायचं. तिनं तिथं तीस टाकले. तेव्हापासून दर तीस सेकंदांनी तिचं मशीन तिकडं हळूच कळवायचं, मी आहे, मी आहे. गोष्ट सांगणाऱ्याला कुणीतरी हुं म्हणत राहावं लागतं, नाहीतर तो समजतो पोरं झोपली. तसंच हे. ती तक्रार तिथंच मिटली.

पण खटक्यापुढं हा हुंकार काय करणार? हुं म्हणणाराच अंधारात. त्यासाठी तिनं दुसरी तजवीज केली. हैदराबादच्या मशीनमध्ये एक स्वतंत्र खोली उघडता येते, दिसत नाही पण असते. काम त्या खोलीत लावलं की आपली लाइन तुटली तरी आपण तेवढे बाहेर पडतो, खोली तशीच राहते आणि आतलं काम चालू राहतं. परत लॉगिन केलं की त्याच खोलीत जायचं, आपण उठून गेलो होतो हे कामाला कळतही नाही. आता ही खोली दर वेळी हातानं उघडायला गडबडीत माणूस विसरतो. म्हणून तिनं तो हुकूमच सेटिंगमध्ये घालून ठेवला. लॉगिन झालं रे झालं की प्रोग्रॅमनं आपणहून खोलीत न्यायचं.

झकास होतं. आणि इथंच बाईनं माती खाल्ली.

सोमवारी बसून तिनं सगळं मनासारखं लावलं होतं. अक्षरं मोठी केली, वर सरकून गेलेल्या ओळी हव्या तितक्या मागं जाऊन वाचता येतील असं केलं. खऱ्या मशीनच्या खिडकीचा रंग तांबडट, डाळिंबी. सरावाच्या मशीनचा साधा काळा. खोलीचा हुकूम घातला. आणि सगळं झाल्यावर सेव्ह न करता थेट ओपनचं बटण दाबलं. हा प्रोग्रॅम असा आडमुठा आहे की तो विचारत नाही, बाई, एवढं सगळं केलंस ते ठेवू का टाकू? खिडकी उघडी असेपर्यंत सगळं छान दिसतं. खिडकी गेली की सगळं गेलं.

त्या आठवड्यात जमिनीला काय झालं होतं देव जाणे. मंगळवारी गुरगुर झाली, खटका पडला, डाळिंबी खिडकी गेली. परत उघडली तर कोरी, काळी. रंग गेलेला राजेश्वरीला दिसला, पण एका दवाखान्याचा फोन घणाणत होता. रंगाचं नंतर बघू म्हणून ती कामाला लागली. बुधवारी पुन्हा गुरगुर, पुन्हा खटका. आणि ह्या वेळी काम खोलीत नव्हतंच. ते अर्ध्यात मेलं. श्रीशैलला ते निस्तरायला उजाडेपर्यंत बसावं लागलं, आणि उजाडल्यावर त्यानं पहिला फोन सास्तूरला लावला.

"राजेश्वरी, बस्स झालं. तुझ्या घरातल्या वायरिंगचं काहीतरी कर, नाहीतर एक तारखेपासून हैदराबादच्या ऑफिसात ये. सास्तुरातनं हे जमायचं नाही तुला."

झालं! नेमकं तेच वाक्य.

"सर, चूक माझी होती, वायरिंगची न्हाय," ती म्हणाली. "मी सेव्ह केलं नव्हतं. रविवारी तीन दवाखान्यांचं सगळं जुन्या डिस्कवरनं नव्या डिस्कवर न्यायचंय ना? ते मी इथनंच करणार. तुम्ही शेजारी येऊन बसा. मग काय ते बोला."

रविवारी आईला भेटायला तो उमरग्याला येणारच होता. "येतो," तो म्हणाला. "पण हा खेळ नाही हां. अर्ध्यात तुटलं तर सोमवारी तीन दवाखान्यांत एकाही पेशंटचं नाव निघणार नाही."

राजेश्वरीनं फोन ठेवला. हैदराबाद म्हणजे नोकरी गेली हे सरळ होतं. रणधीर, तिचा नवरा, शेती सोडून जाणार नव्हता, आणि त्याला इथं ठेवून ती जाणार नव्हती. सहा वर्षांत ह्या पुढच्या खोलीत बसून तिनं आपलं म्हणून एक काम उभं केलं होतं. ते असं एका बटणापायी जाऊ द्यायचं? हॅट्!

ती तडक जाऊन बसली. ह्या वेळी आधी यादीतलं त्या मशीनचं जुनं नाव निवडून ते लोड केलं, मग एकेका पानावर जाऊन सगळं पुन्हा लावलं, मग मागं पहिल्या पानावर आली आणि सेव्ह केलं. प्रोग्रॅम पुरा बंद केला. पुन्हा उघडला. खिडकी डाळिंबी. मग सरावाच्या मशीनवर एक लांबलचक काम लावून तिनं राउटर त्याच्याच बटणानं बंद केला. मामांच्या खटक्याला हात लावला नाही, तो गंमत म्हणून ओढायचा नसतो हे त्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. राउटर चालू केला, लॉगिन केलं, तर काम बिनबोभाट पुढं गेलेलं. तिनं हे दोनदा करून बघितलं आणि मग भाकऱ्या थापायला उठली.

रविवारी श्रीशैल गाडी घेऊन आला. सोबत त्याच्या आईनं, उमाबाईनं दिलेल्या शेंगाच्या पोळ्या. मामा ओसरीवर बसले होते. पाव्हणा उमरग्याचा, घरात कानडी बोलणारा, म्हणून त्यांनी आपलं होतं नव्हतं तेवढं कानडी काढलं.

"बर्री, बर्री. कुंड्री."

"बसतो काका," श्रीशैल हसला. पण बसण्याआधी त्याची नजर खटक्यावर गेली. तो जवळ जाऊन त्याच्याकडं वैऱ्याकडं बघावं तसं बघत राहिला. "हाच का तो?"

"हाच," राजेश्वरी म्हणाली.

"अरे भई, मग हे तर सोपं आहे. राउटरला छोटी बॅटरी मिळते, हाताएवढी. ती लाव. खटका पडू दे नाहीतर आभाळ पडू दे, लाइन चालू. एवढं केलंस तर हैदराबादचं नाव काढणार नाही मी. आत्ता हो म्हण."

खोटं कशाला बोला, राजेश्वरीच्या तोंडावर "हो" आलं होतं. इतकं स्वस्तात सुटत होतं सगळं. पण तिनं आवाज खाली घेतला आणि त्याला आतल्या बाजूला नेलं.

"सर, दोन वर्षांमागं बिरूनं काम करताना न्हाणीतला एक बल्ब चुकून दुसऱ्या वायरीवर सोडला होता. आवाज आला. मामांनी खटका ओढला आणि तो बल्ब काही विझला न्हाय. तर मामा घराबाहेर पडंनात. खटका वर करायचे, खाली करायचे, परत वर. डोक्यावर छत आणि माणूस तिथंच उभा. शेवटी मी आणि सासूबाईंनी दंड धरून वढून काढलं त्यांना. घरात एक दिवा जरी मिणमिणत राहिला ना, तरी ते बाहेर येत न्हाईत. बॅटरी लावली की राउटरचे दिवे राहणार."

"मग दिव्यावर टेप लाव काळी. दिसणारच नाही."

"मामांना फसवू?" राजेश्वरीचा आवाज चढला तो चढलाच. "आणि ज्या दिवशी टेप निघंल त्या दिवशी? न्हाय सर. ते जमायचं न्हाय मला. बघा, हे मात्र खरंच जमायचं न्हाय."

आतल्या बाजूला नेलं म्हणून काय झालं, घर केवढंसं. ओसरीवरनं मामांचा आवाज आला.

"लाव पोरी बॅटरी. माझ्यापायी तुझं काम नगं जायाला."

"मामा, तुमी ह्यात पडू नका," तिनं तिथनंच सांगितलं. "तुमचा खटका तुमच्याकडं, माझी खिडकी माझ्याकडं. मी बघते माझं."

श्रीशैलनं खुर्ची ओढली आणि हाताची घडी घालून बसला. त्याची मुद्रा सांगत होती, की मुली, संधी दिली होती तुला, घालवलीस. राजेश्वरीनं लॅपटॉप उघडला, सेव्ह केलेल्या नावावर दोनदा टिचकी मारली, पासवर्ड टाकला. डाळिंबी खिडकी उघडली आणि सरळ खोलीत गेली.

"हा रंग का?"

"खरं मशीन हाय ना हे. चुकीच्या ठिकाणी हात पडायच्या आधी डोळ्याला कळायला पायजे. काळी खिडकी असती तर खुशाल काही पण टाइप करा, सराव हाय."

श्रीशैलनं मान हलवली. त्यानं एवढी वर्षं दोन्ही खिडक्या काळ्याच ठेवल्या होत्या, आणि त्यापायी एकदा काय घडलं होतं ते तो कुणाला सांगत नसे.

काम सुरू झालं. पहिला दवाखाना नीट पार पडला. दुसरा सुरू झाला. पडद्यावर ओळी सरसर वर जात होत्या. सासूबाईंनी, विठाबाईंनी, चहा आणून ठेवला. श्रीशैलची हाताची घडी हळूहळू सुटली, तो बशीत चहा ओतून प्यायला लागला.

आधी वाटलं, रस्त्यानं जड ट्रक आला. पण ट्रकचा आवाज एका बाजूनं येतो आणि दुसऱ्या बाजूला जातो. हा फरशीच्या खालनं आला आणि तिथंच घोटाळत राहिला, घराच्या पोटातनं कुणी भरली बैलगाडी हाकत न्यावी तसा. बशीतला कप किणकिणला.

"भाईर!" मामा केव्हाच उठले होते. "चला भाईर!"

ठाक्. खटका खाली आला. पंखा मंदावत थांबला. राउटरचे दिवे गेले. स्वयंपाकघरातनं विठाबाई हात न पुसता धावत आल्या आणि बाहेर पडल्या. राजेश्वरी उठली. लॅपटॉप मिटून तिथंच, फोन टेबलावर तसाच, ती दाराबाहेर. श्रीशैलही तिच्या मागोमाग उंबऱ्यापर्यंत आला. आणि तिथं थबकला. दुसरा दवाखाना अर्ध्यात होता! तो गर्रकन वळला आणि लॅपटॉपकडं परत निघाला.

मामांनी त्याचं मनगट धरलं. साठी ओलांडलेला माणूस, पण जन्मभर नांगर धरलेला हात. त्यांनी त्या धडधाकट गड्याला असा हिसडा दिला, की तो उंबरा ओलांडून अंगणात दोन पावलं धडपडत गेला. मामांनी मागं वळून घरभर नजर टाकली. सगळे दिवे विझलेले. मगच ते बाहेर आले आणि दारासमोर उभे राहिले.

"विठा?"

"हाय."

"राजेश्वरी?"

"हाय, मामा."

"रणधीर?"

"लोहाऱ्याला गेलाय, स्पेअर पार्ट आणाया," विठाबाई म्हणाल्या. "मोकळ्यावर आसंल."

"पाव्हणं?"

श्रीशैलला काही कळेना. राजेश्वरीनं त्याला खुणावलं. "हाय म्हणा, सर."

"आहे," तो म्हणाला.

"धनाजी?"

कुणीच बोललं नाही. मामा तेवढाच वेळ थांबले, जितका बाकीच्यांसाठी थांबले होते. गल्लीतली दुसरी माणसंही अंगणात येऊन उभी होती, कुत्री भुंकत होती. मग विठाबाई हळूच म्हणाल्या, "झालं, बसा आता," आणि मामा दारासमोरच्या दगडावर बसले.

श्रीशैलच्या कपाळावर घाम होता. "राजेश्वरी, आवाज थांबलाय. मी पटकन आत जातो, लॅपटॉप आणि फोन घेतो, फोनवरनं नेट लावून बघू. एका मिनिटाचं काम."

"मी सांगंस्तवर कुणी आत जायाचं न्हाय," मामा म्हणाले. ते ओरडले नाहीत, पण श्रीशैल जागच्या जागी उभा राहिला.

"धनाजी कोण?" त्यानं दबक्या आवाजात विचारलं.

सांगितलं विठाबाईंनी. त्यांना ते सांगायची सवय झाली होती, तरी सांगताना पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. "धाकले दीर माझे. त्या रातीला पैल्या हिसड्याला आमी समदी भाईर पडलो. त्ये बी पडले हुते, ह्या डोळ्यांनी बघितलंय म्या. नणंदंचं लगीन ठरल्यालं, बस्त्याची पेटी आत ऱ्हायली. येका मिंटात आणतो म्हणाले आन् गेले. त्येवढ्यात ऱ्हायल्याली भिंत आली. आन् वरनं विजंची वायर पडली, ढिगाऱ्यावर करंट. हे हात घालाया गेले तर फेकले गेले. लाइट जाईस्तवर कुणाला हातच लावता येईना." त्या थांबल्या. "आवाज येत हुता धनाजीचा. मंग येईना झाला."

श्रीशैलनं आपल्या मनगटाकडं बघितलं. तिथं मामांच्या बोटांचे वळ उमटले होते. तो दारापासून दोन पावलं मागं सरला.

राजेश्वरी दारातनं आत, अंधाऱ्या खोलीतल्या टेबलाकडं बघत होती. लाइन तर केव्हाच गेली असणार. सेव्ह केलं होतं ना? केलं होतं. बंद करून परत उघडून बघितलं होतं. आजही खिडकी डाळिंबीच आली होती आणि आपणहून खोलीत गेली होती. म्हणजे आत्ता, ह्या घटकेला, हैदराबादेत त्या खोलीत काम चाललंय. आपण इथं उभ्या आहोत ह्याचं त्याला सोयरसुतक नाही. तिनं एक लांब श्वास सोडला आणि तिला एकदम हलकं वाटलं.

"सर, घाबरू नका," ती म्हणाली. "काम चालू हाय."

"तुला काय माहीत? इथनं दिसतंय का तुला?"

"दिसायला कशाला पायजे? मीच लावलंय ते." मग तिनं मामांच्या पाठीकडं बघितलं आणि आवाज खाली आणला. "सर, तुम्हाला वाटतंय मी हे सगळं लाइन तुटू नये म्हणून केलं. लाइन तर तुटणारच. खटका हाय तवर तुटणार. मी हे केलं ते आत काही पण ऱ्हायलं तरी कुणाला आत जायला लागू नये म्हणून."

मामांची पाठ जराशी हलली. ते ऐकत होते, पण वळले नाहीत.

बराच वेळ गेला. गल्लीतली माणसं एकेक करून घरात शिरली. कमलबाई कुंपणावरनं "किती बसताव अजून?" म्हणून गेली. मामा हलले नाहीत, आणि मामा हलले नाहीत म्हणून राजेश्वरीही हलली नाही, आणि कंपनीचा मालक असलेला श्रीशैलही सास्तूरच्या त्या अंगणात मुकाट्यानं बसून राहिला. शेवटी मामा उठले, आधी एकटे आत गेले, भिंतींवरनं हात फिरवला, वर बघितलं. मग खटका वर केला.

"या आत."

राउटरचे दिवे लागायला जो वेळ लागतो तो त्या दिवशी श्रीशैलला फार वाटला. तो उभाच होता. राजेश्वरीनं लॅपटॉप उघडून मेलेली खिडकी बंद केली, सेव्ह केलेल्या नावावर दोनदा टिचकी मारली, पासवर्ड टाकला.

डाळिंबी. आणि आत खोली, जशीच्या तशी. दुसरा दवाखाना पुरा झालेला, आणि शेवटच्या ओळीवर काम नम्रपणे विचारत थांबलेलं, की तिसरा सुरू करू का?

"वर जा," श्रीशैल म्हणाला. "वरच्या ओळी दाखव सगळ्या."

ती ओळी मागं मागं नेत गेली. तो वाकून एकेक वाचत होता, ओठ हलत होते त्याचे. आवाज आला ती वेळ, खटका पडला ती वेळ, ते सगळे अंगणात बसले होते तो सगळा वेळ, एकेक ओळ हजर होती. तो सरळ झाला.

"एक ओळ गळालेली नाही," तो म्हणाला आणि मोठ्यानं हसला. "अगं बाई, मी स्वतः हैदराबादेत बसून केलं असतं तरी असं झालं नसतं. एक तारखेचं विसर. तू इथनंच कर, मी बोललो ते मागं घेतो. आणि तो खटका आहे तिथंच राहू दे. वाट्टेल तेव्हा पडू दे."

"मग तिसरा सुरू करू?"

"मला काय विचारतेस? खिडकी तुझी."

तिनं एक अक्षर टाइप केलं, आणि ओळी पुन्हा सरसर वर जायला लागल्या. आनंदानं तिचे डोळे भरून आले होते, ते तिनं खुशाल पदरानं पुसले. मग तिला मागं कुणीतरी उभं असल्याचं जाणवलं. मामा होते. सहा वर्षांत ते त्या टेबलाजवळ कधी आले नव्हते.

"आपुन भाईर बसलो हुतो तवा बी हे चालूच हुतं?" त्यांनी विचारलं.

"व्हय, मामा."

"कुणी हात न लावता?"

"कुणी हात न लावता. आधीच लावून ठेवलं हुतं सगळं."

मामा त्या वर सरकणाऱ्या ओळींकडं बघत राहिले. त्यांना त्यातलं अक्षर कळत नव्हतं, पण नजर हटत नव्हती.

"बस्त्याची पेटी म्याच आत ठिवली हुती," ते म्हणाले. "भाईरच्या छपरात ठिवली आसती, तर धनाजी कशाला गेला आसता आत?"

राजेश्वरी उठली, आपली खुर्ची त्यांच्याकडं सरकवली, आणि मामा तिच्यावर बसले.